समोर नेहमी दोघं

जुईनगर
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

त्या रविवारी तू मेण खरवडत होतीस. बँकेचं मुदत संपलेलं ओळखपत्र तू खास त्याच कामाला ठेवलं होतंस. थाळीला धरलेलं मेण त्याच्या कडेनं जसं निघतं तसं चमच्यानंही निघत नाही, असं तुझं म्हणणं. मी जिन्यात चटया झटकत होते. हे दाराकडून झाडत आत येत होते. तुझं मेण झालं तशी दुसरा झाडू घेऊन तू मूर्तीकडून दाराकडे निघालीस. मधल्या खांबापाशी दोघांचे झाडू भेटले आणि दर रविवारचं भांडण सुरू झालं.

"दादा, सुपली आज तुमची. मागच्या रविवारी मी भरली."

"मागच्या रविवारी मी होतो कुठं? पुण्याला गेलो होतो."

"मग त्याच्या आधीचा रविवार धरा."

"संघमित्रा, तू बँकेत कामाला आहेस की कोर्टात?"

केर शेवटी मीच भरला. तोवर तुमचं माइकच्या वायरीवरून सुरू झालं होतं. मग ह्यांनी माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "एक, दोन, तीन. पुतळा, ऐकतेस का?" मी तिथेच दारात उभी होते, तरी. एरवी मी घरी असायचे आणि रस्त्यापलीकडच्या विहारातून ती हाक आमच्या स्वयंपाकघरात यायची. सगळ्या सेक्टरला माझं नाव त्या भोंग्यामुळे माहीत झालं.

दुसरं काही घडलं नाही त्या दिवशी. पण त्यांचा विचार केला की मला तीच सकाळ दिसते. दवाखान्यातले दिवस दिसत नाहीत. बरं आहे ते.

सप्रेम जयभीम राहिलाच की. आता घे.

फोन तू उचलत नाहीस. विहाराच्या ग्रुपमधून तर हे गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच बाहेर पडलीस. पत्र मात्र न उघडता फाडणारी बाई तू नव्हेस, म्हणून लिहिते. माझं शिक्षण तुला माहीत आहे. पावसाळ्यात, वर्षावासाला, हे विहारात ग्रंथ वाचायचे आणि मी शेजारी बसून त्यांच्या बोटामागे डोळे न्यायचे. तेवढीच माझी शाळा. पुढे मिळेल ते वाचत गेले, पण चाल त्यांचीच राहिली. ते जिथे दम घ्यायचे तिथे मी अजून थांबते, वाक्य संपलेलं असो की नसो.

मुद्द्यावर येते. मला तुझा राग आला होता. थोडा अजून आहे. ह्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडळाच्या मारोतीनं उठून सांगितलं, "आजपासून पुतळाबाई आपल्या आजीव अध्यक्षा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तू उभी राहून म्हणालीस, "दादांची जागा घरातच द्यायची असेल तर तिला गादी म्हणा. विहार कशाला म्हणता?" ह्यांच्या फोटोपुढची मेणबत्तीसुद्धा विझली नव्हती, संघमित्रा. लोक तुझ्यावर ओरडले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून बसले होते. मला तेव्हा काही ऐकू येत होतं असंही नाही. मग तू करंजाड्याला राहायला गेलीस. नवीन घराचा ताबा मिळालाच होता म्हणे.

आता ऐक. वैशाख पौर्णिमेला मारोती विहारावर बोर्ड चढवणार आहे. सोनेरी अक्षरांत माझं नाव आणि त्याखाली "आजीव अध्यक्षा". रंगारी ठरला आहे. मला तो बोर्ड नको. पण बोर्ड नको म्हणायचं तर आपल्या रीतीप्रमाणे समोर दोघांची जोडी उभी करावी लागेल, आणि माझ्या जोडीला कोणी उभं राहत नाही.

तू ये.

पुतळावहिनी

*

जुईनगर
सोमवार, ९ मार्च २०२६

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मला लिहायला आवडतंय.

काल विपुल आणि गीतांजलीचं लग्न झालं आपल्या विहारात. मी लावलं. हो, मीच. बौद्धाचार्याचं शिबिर पूर्ण केलं मी डिसेंबरात. पाली गाथा सगळ्या पाठ म्हणून दाखवल्या. शिबिरातले सर म्हणाले, "आजी, तुम्ही मधेच भलतीकडे का थांबता?" मी म्हटलं, आमच्या घरात तशीच रीत आहे.

तर लग्न. आपल्याकडे लग्नाला समोर दोघं उभे राहतात, हे पाहुण्यांना नवीन असतं. मुलीकडच्या एका गृहस्थांनी विचारलंसुद्धा, "दोन कशाला? एकानं भागत नाही का?" मी त्यांना तुझ्या दादांचं उत्तर दिलं. एकच माणूस रोज समोर उभा राहिला की चार वर्षांत त्याचा भटजी होतो. म्हणून एकानं पाली म्हणायचं, दुसऱ्यानं मराठीतून प्रतिज्ञा द्यायच्या, आणि दर वैशाख पौर्णिमेला जोडी बदलायची. गृहस्थ म्हणाले, "छान आहे. मग तुमची जोडी कुठंय?"

माझी जोडी, म्हणजे त्या दिवसापुरता कबूल झालेला मारोती, त्या वेळी केटररच्या माणसाला पाण्याचे जार कुठं ठेवायचे ते दाखवत होता. मी वाट पाहिली. मग एकटीनं सुरू केलं. पाली मीच, प्रतिज्ञा मीच. गाडी बरी चालली होती. गीतांजलीनं प्रतिज्ञा अशी खणखणीत म्हटली की विपुल आपली विसरला. शेवटची गाथा झाली आणि मी थांबले.

सगळे थांबले.

साधु, साधु, साधु हे पहिल्यांदा जोडीतल्या दुसऱ्यानं म्हणायचं आणि मग लोकांनी. ह्यांच्या शेवटच्या जोडीत ते तू म्हणायचीस. त्यामुळे सगळं विहार तुझ्या आवाजाची वाट पाहत उभं राहिलं. मुठीत फुलांच्या पाकळ्या धरून, लहानथोर सगळे, पुतळ्यासारखे. नवरानवरी एकमेकांकडे बघतायत, फोटोवाला माझ्याकडे बघतोय. शेवटी मागच्या रांगेतून आमच्या खालच्या मजल्यावरच्या शमसुन्निसाचा आवाज आला, "पुतळा, आता टाकायची काय फुलं? का घरी न्यायची हायत?"

जो हशा उठला! हसता हसता साधु झालं, फुलं पडली, लग्न लागलं. गीतांजली आज सकाळीही म्हणाली, माझं लग्न शमसुन्निसाचाचीनं लावलं.

मी पण हसले. घरी येऊन चप्पल काढताना मात्र मला कळलं की मी गाथा संपल्यावर उजवीकडे पाहिलं होतं. तिकडे तू उभी असायचीस. आणि हे डावीकडे. मी कोणाच्या जागी उभी होते ते मला अजून सांगता येत नाही.

वहिनी

*

जुईनगर
रविवार, २२ मार्च २०२६

आलं तुझं पत्र!

शमसुन्निसाला वर बोलावून मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझेच शब्द तुला परत लिहिते, म्हणजे तुला कळेल मी किती वेळा वाचलं ते. "वहिनी, जयभीम. तुमच्या दोन गोष्टी चूक आहेत. मला दादांची जागा नको होती, तेव्हाही आणि आताही. आणि साधु म्हणायला कोणी नव्हतं यात मारोतीभाऊंचा दोष नाही, तुमचा आहे. सुरू करायच्या आधी दुसऱ्याला हाताला धरून उभं करायचं असतं. मी येणार नाही. करंजाड्यात विहार उभं राहतंय, तिथे माणसं कमी आहेत. तब्येत जपा."

शमसुन्निसा म्हणाली, "आगो, ती येनार नाय म्हनते, वर तुझी चूक काढते, आन तू हसतेस काय?"

मी तिला म्हटलं, गेल्या उन्हाळ्यापासून मला कोणी चूक म्हटलेलं नाही. मी काही बोलले की सगळे माना हलवतात. "होय आई." "बरोबर आई." मी आई कधी झाले गं ह्या सगळ्यांची? हे असताना मी पुतळाबाई होते, फार तर वहिनी. सभेत मी काही म्हटलं की मारोती म्हणायचा, "वहिनी, जरा थांबा, पुरुष बोलतायत." आणि तू म्हणायचीस, "पुरुष थांबतील, वहिनी बोलतायत." असं भांडण झालं म्हणजे वाटायचं, आपण इथे आहोत.

आता मी गंगाराम अध्यक्षांची विधवा आहे. मला खुर्ची देतात, शाल देतात, पाणी आणून देतात. झाडू हातात घेतला की काढून घेतात. मेणसुद्धा खरवडू देत नाहीत.

राजश्रीला विचारलं, बाई, तू माझ्या जोडीला उभी राहा. तुझ्याहून कितीतरी लहान, चांगली एम.ए. झालेली. ती म्हणाली, "आई, तुमच्या बरोबरीनं कशी उभी राहू? मागे राहून करते ना सगळं." तिच्याच वयाच्या अभयला विचारलं. तोही म्हणाला, मागे राहून करतो. संघमित्रा, आपलं विहार आता मागे राहून करणाऱ्यांनी भरलंय. समोर मी एकटी.

तुझ्या दोन गोष्टींचं उत्तर देते. साधुचं तू म्हणतेस ते खरं. पुढच्या वेळी हाताला धरेन. आणि तुला जागा नको होती, तेही मला आता खरं वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. पण तुझी तिसरी गोष्ट चूक आहे. "मी येणार नाही" हे तू वेगळं मोजलं नाहीस, पण ते चूक आहे.

वहिनी

*

जुईनगर
गुरुवार, १६ एप्रिल २०२६

जयंती झाली. तुला कोणीतरी सांगितलंच असेल. नसेल तर माझ्याकडून ऐक, लोक वाढवून सांगतील.

महिन्याच्या सभेत विषय निघाला, मिरवणुकीत लोकांना प्यायला काय वाटायचं. दर वर्षी आपण कोकम सरबत वाटतो. मी कशाच्या तरी विचारात होते. वैशाख पौर्णिमेच्या खिरीचा विचार असेल डोक्यात, म्हणून तोंडातून गेलं, "खीर करू." झालं. सगळ्यांच्या माना हलल्या. "होय आई." मारोतीनं लिहून घेतलं. राजश्रीनं भांडी कुठून आणायची ते ठरवलं. मला घरी आल्यावर लक्षात आलं, पण वाटलं, कोणीतरी विचारेलच. उद्या विचारेल, परवा विचारेल. कोणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, आईनं काहीतरी मनात धरून सांगितलं असेल.

एप्रिलच्या उन्हात, भर दुपारी, जुईनगर स्टेशनाबाहेर, गरम खीर.

पोरं नाचून घामानं निथळलेली येतायत, आणि समोर वाफाळणारं पातेलं. एक जण म्हणाला, "काकू, पाणी नाय काय?" अभय म्हणतो, "आधी खीर घ्या, आईंनी सांगितलंय." ढोलवाल्यांनी ग्लास हातात घेतला आणि चटका बसून परत ठेवला. शमसुन्निसा चादरीखाली बर्फाची लादी घेऊन आली आणि मला म्हणाली, "तुमचे मंडलात शहाना मानूस एक पन नाय काय?" मी म्हटलं, होता. करंजाड्याला गेला.

शेवटी खिरीचं पातेलं त्या बर्फात बसवलं आणि संध्याकाळी थंड खीर खपली. फार छान लागली, हेही सांगते. लोक पुढच्या वर्षीसाठी आताच सांगून ठेवतायत. पण ते वेगळं.

मी तुला हसवायला लिहीत नाही. म्हणजे, हसवायलाही लिहिते. पण बघ, गरम खीर नको हे समजायला काय लागतं? ते सगळ्यांना समजत होतं. बोलायला कोणी तयार नव्हतं. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मान हलवली, ती थांबवायला विहार बांधलं. आणि आता ती माझ्यापुढे हलवतात. हे बघून तुझे दादा काय म्हणाले असते?

मला होय म्हणणारं माणूस नकोय. ते भरपूर आहेत. तू हवी आहेस.

करंजाड्याचं मी विचार करून ठेवलंय. एक रविवार तू इकडे ये, दुसरा रविवार मी तिकडे येते. तिकडे मी कोणी नाही. सांगशील ते करीन, चटया झटकीन. एका वर्षाचाच प्रश्न आहे. पुढच्या वैशाखाला राजश्री आणि अभय उभे राहतील, आपल्याला भांडताना बघून त्यांची भीड मोडली की.

सोबत तुझं ओळखपत्र पाठवते. मेणबत्त्यांच्या डब्यात होतं. तू गेल्यावर फेकायला निघाले होते सगळे, ह्यांच्या आठवणीसाठी मी ठेवलं असं त्यांना वाटलं. फोटोत तू किती बारीक होतीस गं. कडेला मेण अजून आहे, ते मी काढलेलं नाही.

बोर्ड तयार आहे. मारोतीनं तो कापडात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवलाय. एक मेला पौर्णिमा.

वहिनी

*

जुईनगर
शनिवार, २ मे २०२६

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या तुझ्या हातात देईन. काल तू होतीस, तरी लिहितेय, कारण तू मूर्तीकडे तोंड करून उभी होतीस आणि मागचं तुला दिसलं नाही.

तू आलीस तेव्हा वंदना सुरू व्हायची होती. पांढरं लुगडं, खांद्याला बँकेची पिशवी, हातात तांदळाच्या खिरीचा डबा. दारात तुला बघून मारोतीचा हात बोर्डाच्या कापडावरच राहिला. राजश्रीनं अभयला कोपरानं ढोसलं. तू चप्पल काढलीस, सरळ आत गेलीस, मेणबत्तीची थाळी उचलून उजेडाकडे धरलीस आणि म्हणालीस, "ही थाळी कोण घासतं? की कोणीच नाही?" पिशवीतून ओळखपत्र काढून तिथेच खरवडायला बसलीस. तेव्हा तुझ्या मागे जुन्या बायकांमध्ये जी कुजबुज सुरू झाली ना, ती रागाची नव्हती. सुंदराबाईंनी तर डोळ्याला पदर लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, "आली बाई कटकट परत."

मग तू माइक घेतलास. मला वाटलं, आता हॅलो हॅलो म्हणेल, सगळे म्हणतात तसं. तू म्हणालीस, "एक, दोन, तीन. वहिनी, ऐकताय का?"

तेव्हा माझ्याकडे बघू नये म्हणून सगळे दुसरीकडे बघत होते. मला ते बरं वाटलं. मी ऐकत होते, एवढंच सांगते.

वंदना झाली. मारोतीनं बोर्डाचं भाषण सुरू केलं तसं मी उठून उभी राहिले. बोर्ड मी उलटा करायला लावला. मागची बाजू कोरी होती. तिथे मी आदल्या दिवशी शाळेच्या फळ्याचा काळा रंग मारून घेतला होता, मारोती जेवायला गेला असताना, शमसुन्निसाला जिन्याशी पहाऱ्याला बसवून. मी म्हटलं, "बोर्ड लावायचा तर असा लावायचा. वर लिहायचं, यंदाची जोडी. खाली खडूनं नावं. पुढच्या वैशाखाला पुसायची."

"अहो वहिनी, सोनेरी रंग होता तो! खास मागवलेला!" मारोती ओरडला.

आणि तो मला आई म्हणाला नाही, हे लक्षात आलं का तुझ्या? वहिनी म्हणाला.

मी खडू घेऊन तुझं नाव लिहिलं, खाली माझं. तू लगेच, "माझं आधी का? वयानं तुम्ही मोठ्या." मी म्हटलं, "लिहिणारी मी आहे." तू म्हणालीस, "म्हणून काय झालं? बाजूबाजूला लिहा, वरखाली नको." सगळ्या लोकांसमोर आपण दोघी फळ्यापुढे भांडलो. तुला दिसलं नाही, पण मागे लोक हसत होते, मान वर करून. राजश्रीनं तर हात वर केला आणि म्हणाली, "मला वाटतं, दोघींचंही चूक आहे. नावं गोल लिहा." अभय म्हणाला, "गोल कशाला? वाचणार कसं?" बघ. सुरुवात झाली.

हात वर करून सगळ्यांनी जोडी मान्य केली. मारोतीनंही केला, सगळ्यात शेवटी आणि अर्धाच, पण केला. मग मी तुझ्या हाताला धरून तुला माझ्या उजवीकडे उभं केलं. गाथा मी म्हटली. संपली तिथे थांबले, आणि तू साधु म्हणालीस.

खीर वाटताना तू ह्यांच्या खुर्चीकडे बघत होतीस. हार घालून ठेवलेली. मला वाटलं, आता रडेल. तू तिला हलवून पाहिलंस आणि म्हणालीस, "वहिनी, हिचा पाय दादा असतानाच मोडलेला. कोणी बसलं तर पडेल." तू हार काढून मूर्तीपुढे ठेवलास आणि आपण दोघींनी ती खुर्ची मागच्या खोलीत नेली, एका बाजूनं तू, एका बाजूनं मी. तिथे तू रडलीस. ते मी पाहिलं आणि ते इथे लिहून ठेवते, कारण त्या पुण्यानुमोदनात तुला रडू दिलं नाही कोणी.

संध्याकाळी तू करंजाड्याला गेलीस. जाताना म्हणालीस, "रविवारी येते. पण सुपली मी भरणार नाही."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, मी विहार उघडलं. झाडू घेतला. कोणी काढून घ्यायला आलं नाही. दाराकडून सुरुवात केली आणि मधल्या खांबापर्यंत झाडलं. तिथे झाडू टेकवून ठेवला आणि घरी आले.